यंदा दुप्पट भिजवा, ईनबाई

२ एप्रिल. मुंगवड्या वाळल्या, त्या आज भरायला बसले. डबे पुरेनात. दरवर्षी तुमचा एक डबा, माझा एक डबा, की काम संपलं. यंदा दोन्ही डबे गळ्यापर्यंत भरले तरी सुपात तेवढ्याच वड्या उरल्या. हे तुमचं काम, ईनबाई. "यंदा दुप्पट भिजवा," एवढं म्हणालात आणि कशासाठी ते न सांगता निघून गेलात. अर्धवट सूचना मला आवडत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

परवा तुमची तेरवी झाली. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. सोशिक होत्या म्हणाले, शांत होत्या म्हणाले. मी मान हलवली. शांत! चालू गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून कोरियातल्या सासवांना शिव्या देणारी बाई शांत होती म्हणे. तिथे मांडवात मी काही बोलले नाही. इथे बोलते.

गावातल्या गावात सोयरीक करू नये, असं माझी बहीण म्हणायची. "विहीण लांबची बरी. रोज तोंड दिसलं का रोज भांडन." मी ऐकलं नाही. फुलसावंगी काही लहान गाव नाही, आणि माझी प्रणाली तुमच्या संदीपच्या घरी, डोळ्यासमोर राहिली तर मला हवंच होतं. फक्त माझ्या माहेरची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. म्हणून मी तुमच्याकडे येत नव्हते. मग तुम्हीच यायला लागलात, ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन, माझ्या पिठाच्या गिरणीवर. पुढे ओवी झाली, रीत सुटली, पण तुमचं येणं सुटलं नाही. तुमच्या घरात खाणारी तोंडं मोजकी आणि दळण एवढं कसं निघतं, हा प्रश्न तुमच्या मालकांना कधी पडला नाही. तुम्ही डबाभर ज्वारी तीन वेळा विभागून आणायच्या, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मोबाइलवर ती कोरियन मालिका मला प्रणालीनंच लावून दिली होती, गिऱ्हाईक नसताना वेळ जावा म्हणून. मी मोबाइल वजनकाट्याला टेकवून बसले होते. तुम्ही आलात, डबा ठेवलात, पडद्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे पोट्टं काहून रडून राह्यलं?" मी म्हटलं, "त्याची बायको त्याले विसरली." "विसरली म्हणजे? सोडून गेली?" "नाई हो, डोक्याले मार लागला. वळखत नाई." तुम्ही स्टूल ओढलंत. त्या दिवशी तुमचं दळण संध्याकाळी घरी गेलं.

आपली अडचण एकच होती. हिंदीत बोलणारी मालिका, पण गिरणी चालू असली की शब्द ऐकू यायचे नाहीत. खाली अक्षरं यायची ती इतकी बारीक आणि इतक्या घाईत, की चष्मा लावेपर्यंत माणसं खोली सोडून गेलेली असायची. मग संवाद तुम्हीच घालायला लागलात. बाप रे, काय घालायच्या! उंच इमारतीतली, मोत्यांची माळ घातलेली ती कंपनीवाली आई चहाच्या दुकानात गरीब पोरीसमोर पाकीट सरकवायची, आणि तुम्ही पट्ट्याच्या घरघरीवर तिचा आवाज काढायच्या, "हे घे व माय, अन् माह्या पोराचा नाद सोड. आमचं अठरा एकर ओलीत हाय, तुह्या बापाचं काय हाय?" पोरगी उठून उभी राहायची. लगेच तुमचा दुसरा आवाज, "ठेव तुह्यं पाकीट तुह्यापाशी. माह्या बापाचं काही नाई, पन माहा बाप कोनाच्या तोंडावर पानी फेकत नाई!" आणि नेमकं तेव्हाच ती आई पेल्यातलं पाणी पोरीच्या तोंडावर फेकायची. दळणाला आलेल्या बाया खदखदून हसायच्या. काही जणी तर दळण झालं तरी जात नसत.

लाइन गेली की गिरणी बंद, आणि खरे संवाद ऐकू यायचे. सगळं गाव लाइन गेली म्हणून वैतागायचं, आपण दोघी मात्र मोबाइलकडे सरसावायचो. पुष्कळदा खरे संवाद तुमच्यापेक्षा फिके निघायचे. एकदा तर आपण कितीतरी भाग जिला नायकाची दुसरी बायको समजून शिव्या घातल्या, ती त्याची सख्खी मोठी बहीण निघाली. तुम्ही कानाच्या पाळ्या धरल्यात आणि मोबाइलला म्हणालात, "चुकलं बाप्पा, पन तू बी त्याच्या खोलीत दार न वाजवता कायले जातं?"

मला त्या लोकांचं जेवण पाहायला सगळ्यात आवडायचं. रडता रडता जेवतात, भांडता भांडता जेवतात, पातेल्याच्या झाकणावर शेवया घेऊन फुर्र करून ओढतात. आपल्याकडे माणूस दुःखात असला की ताट सरकवतो. तिथे दुःखात असला की दुसरं ताट मागवतो. हे मला पटलं. तुम्हाला बर्फ आवडायचा. पहिला बर्फ पडला की तिथली माणसं हातातलं काम टाकून धावत सुटतात, आणि तुम्ही इकडे मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, पदर अंगाभोवती आवळून घ्यायच्या. एकदा माझ्या केसांवरचं, भुवयांवरचं पीठ पाहून म्हणालात, "ईनबाई, तुमच्यावर बी पडला पाहा. आता धावा कोनाच्या मांगं धावाचं तं." मी म्हटलं, "माहा मानूस वावरात हाय अन् पायात चप्पल नाई." तरी त्या दिवशी मी आरशात जरा वेळ पाहिलं.

आपली भांडणंही होती आणि ती मिटलेली नाहीत. त्या चिनी मालिकेत पांढरे झगे घालून सगळे आभाळातून उडायचे. मला ते आवडायचं. तुम्ही म्हणायच्या, "येवढं उडता येते तं डोंगरावर पायऱ्या चढून कायले जाते?" मी मोबाइलचा आवाज वाढवायची. आणि तो जपानी सिनेमा! एक म्हातारा रोज सकाळी उठतो, अंगण झाडतो, टोमॅटो खातो, बाकावर बसतो. संपला सिनेमा. मी चिडले, म्हटलं यात झालं काय? तुम्ही म्हणालात, "काही नाई झालं. म्हनूनच तं पाहून राह्यलो." असल्या सिनेमात काय असतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्ही बरोबर होता हे मी आजही मान्य करत नाही.

मग आली ती शेवटची मालिका, सोयाबीनवाली.

डोंगराच्या उतारावर एक घर, अंगणात माणूस बसेल एवढाल्या काळ्या बरण्या. घरातली सासू सोयाबीन शिजवते, कुटते, त्याच्या विटा करते, दोरीनं बांधून ओसरीला टांगते आणि मग बरण्यांत मुरवते. तुम्ही स्टुलावरून उठून मोबाइलपाशी गेलात. "अवो, हे तं खाते! आपन पोत्यानं पिकवतो, गाडीत भरतो, विकून मोकळे होतो. कधी तोंडात टाकलं का आपन?" दुसऱ्या दिवशी पायलीभर सोयाबीन घेऊन हजर. शिजवलं, कुटलं, विटा थापल्या. आणि मग आपण दोघींनी तीच चूक केली जी आपल्याकडची कोणतीही बाई करेल. त्या विटा आपण वड्या-कुरड्यांसारख्या पत्र्यावर कडक उन्हात घातल्या. तिथे थंडीत हळूहळू बुरशी धरते म्हणे, आणि ती बुरशीच खरी. आपल्या उन्हात बुरशी कसली धरते! चार दिवसांत दगड झाले. कुऱ्हाडीनं फुटेनात. एक वीट अजून गिरणीच्या दारात आहे, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावते. तेवढी मजबूत अडण मला बाजारात मिळाली नसती.

मालिकेतल्या त्या घरातली सून रेल्वे चालवायला शिकलेली होती. लग्न झालं आणि बरण्या पुसायला लागली. नवरा चांगला, पण प्रत्येक गोष्टीला "आईला विचार." एक दिवस तिला राजधानीतून पत्र येतं, कामावर हजर व्हा म्हणून. आपण तो भाग पाहिला त्याच आठवड्यात आपल्या प्रणालीची ऑर्डर आली. यवतमाळच्या दवाखान्यात नर्स. लग्नाआधी शिकलेलं, अर्ज भरत राहिलेली, आणि आता आली. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं अंतर नाही. खोली करून राहावं लागेल, ओवीला सोबत न्यावं लागेल. संदीप वावर सोडून जाऊ शकत नाही. तो काय म्हणाला? "आईले विचार."

मी तुम्हाला विचारू शकत नव्हते. मुलीच्या आईनं विहिणीला म्हणायचं, तुमची सून घराबाहेर पाठवा? आपल्यात ते चालत नाही. तुम्हीही मला काही म्हणू शकत नव्हता. हो म्हटलं तर घरच्यांना विचारलं नाही असं होतं, नाही म्हटलं तर मी दुखावले असते. मग आपण दोघींनी त्या कोरियातल्या म्हातारीला मध्ये घेतलं.

"हे बुढी काही सोडत नाई पोरीले," मी म्हणायची.

"सोडाले पोरगी का गाय हाय?"

"मंग जाऊ देईन म्हनता?"

"मी तसं बी नाई म्हटलं."

"इतके वर्सं घर सांभाळलं पोरीनं. आता त्या बुढीनं सगळ्यांच्या पुढं तोंडानं हो म्हनलं पाह्यजे," मी ठासून म्हटलं. मी कोणाबद्दल बोलते आहे ते तुम्हाला कळत होतं. तुम्ही जात्याच्या तोंडाशी अडकलेली ज्वारी बोटानं सारत म्हणालात, "नाई म्हनत. पाहजा तुमी. शेवटपर्यंत एक शब्द बोलनार नाई ते."

"मंग सुनेले समजन कसं?"

"समजते."

"काही समजत नाई! बोलल्याबिगर कोनाले काही समजत नाई, ईनबाई."

"शेवट तं होऊ द्या. शेवट पाहून सांगतो तुमाले."

एक भाग उरला होता. आपला नियम होता, एकटीनं पुढे पाहायचं नाही. त्या दिवशी निघताना तुम्ही पिशवीतून एक मोठा, कोरा स्टीलचा डबा काढलात, घट्ट झाकणाचा. "राहू द्या इथंच, घरी नेला तं हे विचारतीन." आणि दारातून वळून म्हणालात, "वड्याचे मूग यंदा दुप्पट भिजवा."

"येवढ्या कोन खाईन?"

"खानारं ठिकान वाढून राह्यलं."

आता मी काय समजावं? मला वाटलं, ओवीच्या पाठीवर दुसरं येतं आहे आणि पोरीनं आईच्या आधी सासूला सांगितलं. मी डिंकाचे लाडू केले, प्रणालीला पाठवले, आणि फोनवर दटावलं की पाण्याचे गुंड-हंडे उचलायचे नाहीत. ती इतकी हसली की फोन ओवीनं घेतला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गिरणीच्या पाळीला धरून हसलात. "ईनबाई, तुमी शिरेली पाहून पाहून कामातून गेल्या! आता मले विसराचा रोग लावून द्या म्हनजे झालं." डोळे पुसलेत, दळण उचललंत आणि गेलात. दुप्पट कशाला, ते तेव्हाही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, शेवटचा भाग पाहू तेव्हा विचारीन.

तो भाग पाहायला तुम्ही आलाच नाहीत. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. मला तुमच्या छातीत दुखतं हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते गॅस म्हणून चालवून नेलंत.

तेरवीच्या जेवणानंतर तुमचे मालक खाटेवर बसले होते. कोणीतरी ऑर्डरचा विषय काढला. सोमवारी हजर व्हायचं आहे, नाही तर जागा जाते. ते म्हणाले, "तिच्या मनात नव्हतं. असतं तं बोलली असती." संदीपनं मान खाली घातली. तुम्हाला मामी म्हणणाऱ्या प्रणालीनं स्वयंपाकघरात मला सांगितलं, "आई, राहू दे. मामीनं हो म्हटलं असतं तं गोष्ट येगळी होती. आता त्यायच्या मांगं घर टाकून कशी जाऊ?" मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? तुम्ही खरंच हो म्हटलं नव्हतं. मी खोटं बोलणारी बाई नाही.

तर आज. दुपारी दळणं होती, गिरणी चालू होती, आणि मी सुपातल्या वड्या घेऊन डब्यांचा हिशेब करत बसले होते. मोबाइल वजनकाट्याला टेकवला आणि शेवटचा भाग लावला. नियम मोडला म्हणा. नियम दोघींचा होता, आता एकीनं पाळून काय उपयोग? तुम्ही कुठून तरी पाहत असाल वगैरे मी मानत नाही. मला फक्त त्या बुढीचं काय झालं ते हवं होतं.

पहिली काही मिनिटं आवाजाविना गेली. मी संवाद घालून पाहिले. जमत नाही मला. मी बोलले की ते सगळे मुंगवड्यांची रेसिपी सांगतात असं वाटतं.

सून न विचारता निघून गेली होती. राजधानीत एक लहानशी खोली, बाहेर बर्फ. ती कामावरून परत येते तर दारात सासू उभी! पाठीवर बोचकं, दोन्ही हातांत पिशव्या. मी एकदम उठले. आता बोलणार ही! मी जाऊन गिरणीचं बटण बंद केलं. कणकेचं दळण अर्ध्यात होतं. जिचं होतं ती बाई ओरडली, "काहून बंद केली वो?" मी म्हटलं, "थांब व दोन मिनिटं, बुढी बोलून राह्यली."

बुढी बोललीच नाही.

आत आली. चपला काढल्या. सून घाबरून भिंतीला लागून उभी. म्हातारीनं तो लहानसा फ्रीज उघडला, रिकामा होता, त्याच्याकडे नाक मुरडून पाहिलं, आणि पिशव्यांतून डबे काढून एकेक आत लावायला लागली. मुरवलेलं सोयाबीन, लोणचं, वाळवलेली मासळी. डब्यांवर डबे. फ्रीज भरला, दार लागेना, खांद्यानं दाबून लावलं. चपला घातल्या. गेली. एक शब्द नाही. आणि ती सून खाली बसून एक डबा उघडते आणि हातानंच खायला लागते.

मी ओरडले, "जिंकल्या! ईनबाई जिंकल्या!" गिरणीतल्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मला पर्वा नव्हती. मी टाळी वाजवली आणि टाळीसाठी दुसरा हात शोधला, तो स्टुलावर नव्हता. आणि मग माझी नजर बाजूच्या सुपावर गेली. दोन डबे भरून उरलेल्या, दुप्पट भिजवलेल्या मुगाच्या वड्या. खाणारं ठिकाण वाढून राह्यलं. खाणारं माणूस म्हणाला नव्हतात तुम्ही, ठिकाण म्हणाला होतात. मी काय ऐकलं आणि कोणाला डिंकाचे लाडू खाऊ घातले!

फळीवर तुमचा कोरा डबा होता. तीन आठवडे मी त्यात गिरणीचे नट-बोल्ट ठेवत होते. ते ओतून काढले, डबा घासला, उन्हात वाळवला, वड्या भरल्या. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही. तुमचा अंदाज असाच असायचा. मग गिरणी चालू केली, कारण ती बाई अजून ओरडत होती.

तरीही माझं म्हणणं तेच आहे, ईनबाई. तोंडानं सांगायला हवं होतं. ती मालिका होती, लिहिणाऱ्यांना शेवट माहीत होता. तुमच्या हातात शेवट नव्हता. मी हा भाग पाहिलाच नसता तर? नट-बोल्ट तुमच्या डब्यात राहिले असते आणि पोरगी चुलीपाशी. एवढं भांडण बाकी ठेवते. बाकी सगळ्यात तुम्ही जिंकलात.

३ एप्रिल. सकाळी गिरणी उघडायच्या आधी तुमच्या घरी गेले. तुमचे मालक ओसरीवर चहा घेत होते, संदीप वावरात निघायच्या तयारीत. दोन डबे त्यांच्यापुढे ठेवले.

"हा इथला," मी म्हटलं. "हा यवतमाळचा."

"यवतमाळचा? कोनं सांगितलं?"

"तुमच्या घरच्यांनी. दुप्पट भिजवाले लावले होते. डबा बी त्यायनंच आनून ठेवला होता."

"मले तं नाई बोलली."

"मले बी नाई बोलल्या, भाऊ. दुप्पट भिजवा म्हनल्या, बस."

प्रणाली दारात येऊन उभी राहिली. तुमच्या मालकांनी कप खाली ठेवला. कोरा डबा उचलला, हातात तोलला, उघडला. एक वडी काढून दातानं फोडली आणि बराच वेळ चावत राहिले. मग संदीपला म्हणाले, "झाकन घट्ट हाय का पाह्य. येस्टीत सांडन."

मी डबा त्यांच्या हातातून घेतला, झाकणाखाली फडकं घातलं, गुडघ्यात धरून दाबून लावलं. मग गिरणीवर आले, दाराला सोयाबीनची वीट लावली आणि दिवसाचं पहिलं दळण घातलं.